ती आजी कोण, तुम्ही विचारलंत म्हणून

"गोड आहे हो ती आजी, कुणावरून काढलीत?" लग्नात विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, परवा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. २०१८ साली एका बँकेसाठी अटल पेन्शन योजनेची तीस सेकंदांची ॲनिमेशन जाहिरात केली होती, त्यातली ही आजी. "अशीच सुचली," म्हणून मी सुटत आलोय. अशीच कुणी सुचत नसतं. आमच्या स्टुडिओत केर-फरशी करणाऱ्या मावशी आहेत, त्यांची ती चाल.

त्यांचा डावा पाय किंचित ओढतो आणि हातात बादली नसली तरी उजवा हात बादली धरल्यासारखा अंगापासून लांब राहतो. हे मी मोबाइलवर टिपून घेतलं. त्यांना न विचारता. विचारायचं असतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पहिल्या स्केचमध्ये चेहराही त्यांचाच होता. बँकेचे साहेब म्हणाले, "या पंचेचाळीसच्या वाटतात. योजना अठरा ते चाळीस वयाची आहे. पंचवीसची करा." बरोबरच होतं. मग पंचविशीची मुलगी, महिन्याला ३७६ रुपये, साठीनंतर महिन्याला ५,००० रुपये पेन्शन. मधली पस्तीस वर्षं मी चार सेकंदांत बसवली: १०० फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून ५० चित्रं. केस पिकतात, खांदे उतरतात, चाल तीच. त्या चार सेकंदांचा मला आजही अभिमान आहे, उगाच लपवत नाही.

फायनल लावून बघत होतो तेव्हा मावशी फडकं हातात घेऊन मागे उभ्या होत्या. दोनदा लावायला लावलं. "ही माझ्यावानीच चालती की!" मग म्हणाल्या, "तीनशे शहात्तर? एवढे तर मी भिशीत घालते. मला घेतील का, दादा?"

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पाकिटातून आधार कार्ड काढलं. १ जून १९७६. बेचाळीस.

"वय बसत नाही, मावशी."

त्या हसल्या. "ते वय माझं न्हाई. थोरलीसंगं शाळेत घालायचं म्हणून मास्तरांनी वाढवून लावलं. किल्लारीचा भूकंप झाला तवा मला चौदावं सरलं होतं."

भूकंप सप्टेंबर १९९३चा. मी कागदावर आकडेमोड केली. एकोणचाळीस. खरं वय बसत होतं, कागदावरचं नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी शहाणपणा केला, सांगितलं की एकोणचाळिशीत आलात तरी ५,०००च्या पेन्शनला ३७६ नाही, महिन्याला १,३१८ भरावे लागले असते.

"मग टीव्हीवर तीनशे शहात्तर का सांगताय?"

"तिचं वय पंचवीस आहे म्हणून."

"पंचविसाव्या वर्षी माझं खातं कुठं होतं?" असं म्हणून त्या फरशी पुसायला गेल्या.

जाहिरातीत खोटं काही नव्हतं. वयाची अट मी घातली नाही, मी चित्रं काढतो. हे मी स्वतःलाच इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. पण शेवटच्या शॉटमध्ये आजीच्या हातात भरलेली पिशवी आहे आणि वर मेथीची जुडी डोकावतेय. पेन्शनचा आकडा महागाईबरोबर वाढत नाही, हे काढतानाच मला माहीत होतं. पस्तीस वर्षांनी ५,००० रुपयांत केवढी पिशवी भरेल? मेथी फ्रेममध्ये छान दिसत होती, म्हणून काढली. आणि तरीही, माझ्या काकांना ईपीएसचे, म्हणजे नोकरीतल्या पीएफबरोबरच्या पेन्शनचे, हजारभर रुपये येतात आणि तेवढ्यासाठी ते दर महिन्याला पासबुक भरून आणतात, तेव्हा ५,०००ला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

एनपीएसला, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेला, तेव्हा पासष्टीपर्यंत प्रवेश होता, पण त्यात ठरलेल्या पेन्शनची हमी नाही. तेवढं मावशींना समजावून सांगू म्हणून मी दोन फॉर्म आणले. एक त्यांचा, एक माझा, कारण मीही तेव्हा एक्केचाळीसचा होतो आणि पीएफ वगैरे काही नाही. दोन्ही फॉर्म ड्रॉइंग कागदांच्या खणात आहेत. मावशींनी नंतर कधी विषय काढला नाही. मीही नाही.