आवाज उरतात, तेव्हा

स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की आमच्या सांगलीकडच्या घरांत सहसा दोन मार्ग सुचवले जातात: वाडीला दत्तमहाराजांच्या पायाशी नेणे, नाहीतर मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू करणे. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही दोन्ही केले. गोळ्यांनी त्याची झोप परत आली, भीती बरीच ओसरली, पण कोणी बोलत नसताना त्याला ऐकू येणारे आवाज पूर्ण थांबले नाहीत. या उरलेल्या आवाजांसाठी डॉक्टरांनी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागणे संवादातून तपासण्याची सीबीटी ही पद्धत, सुचवली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न होता की नुसते बोलून एवढा मोठा आजार कसा हटेल.

नैराश्य आणि चिंता यांवरचा उपचार म्हणूनच ही पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात तिचे प्रवर्तक, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९५२ सालीच, दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या एका रुग्णाच्या संभ्रमावर (म्हणजे पुरावा नसताना मनात पक्क्या बसलेल्या चुकीच्या समजुतीवर) संवादातून केलेल्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. पुढे ब्रिटनमध्ये डेव्हिड किंग्डन, डग्लस टर्किंग्टन आदींनी या आजारासाठी ही पद्धत विकसित केली. तिथल्या ‘नाइस’ या, उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या जोडीने किमान १६ नियोजित बैठकांची शिफारस आहे.

भाऊ मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचा सौदा चालू असताना बोलीच्या गलक्यातून त्याला स्वतःचे नाव आणि ‘यानेच पैसे खाल्ले’ हे शब्द ऐकू येत. असे कोणी बोलत नाही, हे पटवून देण्याचा घरातल्या प्रत्येकाचा आटापिटा असे, आणि आम्ही जितके पुरावे देऊ तितका, आम्हीही त्या कटात सामील आहोत, हा त्याचा संशय बळावत जाई. उपचार करणाऱ्या मॅडमनी त्याचे म्हणणे खोडले नाही आणि मान्यही केले नाही. आवाज कोणाचा वाटतो, कोणत्या वेळी वाढतो, रात्री झोप झालेली नसेल तर काय होते, आपल्याबद्दल बोलले जात आहे याची खात्री शंभरपैकी किती वाटते, आणि ऐकू आल्यावर आपण काय करतो, असे ते प्रश्न होते.

शेवटच्या प्रश्नातून खरी गोष्ट उलगडली. आवाज आला की तो रोजमेळ पुन्हा पुन्हा ताडून पाही, शेठजींच्या नजरेला नजर देत नसे आणि संध्याकाळी मागच्या गेटने घरी येई. अशा खबरदारीमुळे संकट टळले असेच माणसाला वाटत राहते. मुळात संकट होते का, हे तपासण्याची वेळच येत नाही. म्हणून एका सौद्याच्या दिवशी रोजमेळ एकदाच जुळवून वही मिटायची, असे त्याने आणि मॅडमनी मिळून ठरवले आणि काय होईल याचा अंदाज त्याने आधी स्वतःच्या अक्षरात लिहिला: ‘सायंकाळच्या आत शेठ बोलावून हिशेब मागतील.’ शेठजींनी बोलावले खरे, पण ते दुसऱ्या दिवशी येणाऱ्या गाड्यांची चौकशी करायला. त्याने तेही खाली लिहिले. खात्रीचा आकडा ९० वरून ७० वर आला. संभ्रम संपला नव्हता, पण त्या रात्री तो पहिल्यांदा आमच्याशी शेठजींबद्दल शांतपणे बोलला, आणि आईच्या डोळ्यांत पाणी आले.

आवाजांबाबतही असेच झाले. हळू आवाजात अभंग म्हणत राहिले की ते क्षीण होतात, हे त्याला स्वतःला आढळले. जे आपल्याच प्रयत्नाने कमी होते ते सर्वशक्तिमान कसे, हा प्रश्न मग त्यानेच विचारला. माझ्या मते या उपचाराचे मर्म इथे आहे. आवाज बंद पाडणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट नाही. आवाजाचा धाक कमी व्हावा आणि त्याची आज्ञा पाळलीच पाहिजे ही सक्ती उरू नये, हे आहे.

अपेक्षा मात्र मोजून ठेवाव्यात. २०१४ साली ब्रिटनच्या एका मानसोपचार नियतकालिकात समीर जौहर आणि सहकाऱ्यांनी या उपचाराच्या अनेक चाचण्यांचे एकत्र विश्लेषण मांडले, त्यात लक्षणांवरील परिणाम लहान आढळला. औषधाची जागा हा उपचार घेईल असे समजून परस्पर गोळ्या सोडणे धोक्याचे आहे. त्याने आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि हे मी प्रत्येक नातेवाइकाला हात जोडून सांगते. तरीही लहान परिणाम म्हणून तो नाकारावा, असे मला वाटत नाही. ज्या घरात माणूस दाराबाहेर पडत नाही, तिथे मागच्या गेटऐवजी पुढच्या गेटने येणे ही मोठी गोष्ट असते.

प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. डॉक्टरांकडेच चौकशी करावी; कोणाकडे जावे हे कळत नसेल तर शासनाच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विचारता येते. नेमताना एवढे जरूर विचारावे की मनोविकारात आवाज आणि संभ्रम असलेल्या रुग्णांबरोबर त्यांनी काम केले आहे का, कारण चिंतेसाठीची सीबीटी जशीच्या तशी इथे लागू पडत नाही.