भूत नाव का सांगत नाही?

शनिवार, रात्री साडेबारा

लाईट आत्ता आली. पावणेअकराला गेलेली. मे महिन्यात सोलापुरात लाईट जाणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच माहीत, भिंतीला पाठ टेकली तर भिंतच भाजते. पोरं आणि हे गच्चीवर झोपायला गेले, मी मोबाईल घेऊन दारातल्या पायरीवर, एकोणीस टक्के बॅटरी आणि कादंबरीची शेवटची साठ पानं.

लिहायला थोडी लाज वाटते, पण वही माझीच आहे. दिवाळीपासून मला त्या इंग्रजी पॅरानॉर्मल रोमँटिक मिस्टरीचं वेड लागलंय. सगळ्यांचा साचा एकच. छोटंसं गाव, हिरॉईनची बेकरी नाहीतर जुन्या पुस्तकांचं दुकान, एक आगाऊ मांजर, पहिल्या तीस पानांत खून (रक्तबिक्त काही नाही, माणूस सरळ मेलेलाच सापडतो), एक देखणा पोलीस, आणि एक भूत जे फक्त हिलाच दिसतं आणि हिच्या कपड्यांना नावं ठेवतं. कॉलेजात नारायण धारपांच्या भयकथा वाचून मी भर उन्हाळ्यात सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन झोपलेली आहे, ती जाड चादर, घामाने निथळतेय पण पाय बाहेर काढायची छाती नाही. तसलं काही इथे नाही. इथलं भूत म्हणजे भाड्याने राहिलेला आणि भाडं न देणारा पाहुणा.

तर अंधारात मी हसले आणि आतून सासूबाई, "कोणाशी बोलूलालीस गं?" म्हटलं पुस्तक वाचतेय आत्या. मग त्याही येऊन बसल्या, पदराने वारा घेत, आणि सांग म्हणाल्या काय चाललंय. सांगितलं. पाच मिनिटं ऐकलं आणि बाईंनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं, "मेलेला माणूस समोर उभा आहे ना, मग मारलं कोणी ते सांगत का नाही तो?"

हाच तर सगळा खेळ आहे. लेखिकेला पहिलं काम हे करावं लागतं, की भुताचं तोंड बंद कसं करायचं. कुणाचा वार मागून झालेला असतो, कुणाला शेवटचा दिवसच आठवत नाही, कुणी अर्धवट कोड्यात बोलतं. एकात भूत दीडशे वर्षांपूर्वीचं होतं, त्याला आजच्या खुनातलं काय कळणार, ते बिचारं मिक्सरला घाबरायचं. आणि समजा भुताने नाव सांगितलंच, तरी सुटका नाही. हॅम्लेटचा बाप तर येऊन सरळ नाव सांगतो की, तुझ्या काकाने मारलं, तरी पोराला शंका येतेच आणि खात्री करायला नाटक बसवावं लागतं. आगरकरांनी त्या नाटकाचं मराठीत विकारविलसित केलं १८८३ साली, म्हणजे भुताच्या साक्षीला किंमत नाही हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आणि माझ्या मते या कादंबऱ्यांतलं प्रेम तिथेच सुरू होतं, चुंबनाबिंबनात नाही. हिला कळलेलं असतं की पत्र घड्याळामागे आहे, तो पोलीस विचारतो तुला कसं कळलं, आणि ही काय सांगणार? थापा मारते, सापडते, परत मारते. तो चिडतो, तिच्यावर संशय घेतो, तरी रात्री तिच्या दुकानाचं कुलूप नीट लागलंय का बघून जातो. मग कुठेतरी दोनशेव्या पानावर ती खरं सांगून टाकते आणि आपण श्वास रोखून बसतो की हा हसतोय का. खुनी कोण याची मला एवढी धाकधूक होत नाही खरंच. काहींत भूतच हिरो असतो आणि शेवटच्या प्रकरणात कशाने तरी जिवंत होतो, ते मला अजिबात आवडत नाही, फसवल्यासारखं वाटतं. हात लावता येत नाही तर नाही. आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर दरवर्षी अक्षता पडतात त्या कोणाच्या लग्नाच्या, कुंभाराच्या पोरीच्या, तिला सिद्धरामच, म्हणजे आमचे सिद्धेश्वरच, नवरा हवे होते, ते योगी, नाही म्हणाले, तर तिने त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं. बाराव्या शतकातली गोष्ट आणि अजून सात नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतात वाजतगाजत. त्या पोरीने शेवट बदलून मागितला नाही.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं नाही अर्थात. त्याच सांगायला लागल्या. मामा, म्हणजे माझे सासरे, मिलमध्ये होते तेव्हाची गोष्ट, रातपाळीवरून सायकलने येताना पिंपळाखाली एका बाईने तंबाखूला चुना मागितला, मामांनी डबी दिली, वळून बघतात तर बाई नाही. डबीही नाही. घरात सगळे हसले, दीर म्हणाले दादा कुठे बसून आलास आज.

"आणि तुम्ही?"

"मी काय, मी विचारलं डबीत चुना किती होता."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. पितळेची डबी होती म्हणाल्या, त्यांच्या आईने दिलेली, आणि मामांनी नंतर कितीतरी दिवस कामावर जाताना वाट वाकडी करून त्या पिंपळाखाली शोधली, ते फक्त सासूबाईंना सांगून. मामांना जाऊन आता चार वर्षं झाली.

मग उठता उठता म्हणाल्या, "त्या वकिलानेच मारलंय बघ. मयताच्या घरी येऊन जो पहिला चहा मागतो, तोच."

लाईट आल्यावर मोबाईल चार्जिंगला लावून तिथेच उभ्याने शेवट वाचला. वकीलच निघाला. सकाळी विचारलं तर अजून वाचायचंय म्हणणार, तेवढ्यासाठी उद्या रात्री परत पायरीवर येऊन बसतील. पाणी पहाटे पाचला येतं, झोपते आता.