गावठी मक्याची गावठी

शनिवार, रात्री साडेदहा

बाटली शेवटी आज उघडली. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनहून आणल्यापासून पाच आठवडे कपाटात पडून होती. कुणी दर्दी घरी आला की उघडू म्हणत राहिलो आणि कुणी आलं नाही. इथे शार्लटच्या मराठी मंडळात दर्दी पुष्कळ, पण सगळे सिंगल माल्टवाले. बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की, ही कोकमध्ये ओतायची गोड दारू, एवढीच तिची त्यांच्या लेखी किंमत.

बाटली हाय वायर डिस्टिलिंगची, जिमी रेड बर्बन, 'बॉटल्ड इन बाँड', म्हणजे १८९७ च्या एका अमेरिकी कायद्याच्या अटी पाळून भरलेली. बर्बन म्हणवून घ्यायला किमान ५१ टक्के मका लागतो. बहुतेक भट्ट्या सत्तर-पंचाहत्तर टक्के मका, वर थोडी राय (गव्हासारखं एक धान्य) किंवा गहू आणि थोडं बार्लीचं माल्ट घेतात. हिच्यात शंभर टक्के मका आहे, आणि तोही जिमी रेड नावाचा एकच लाल वाण. दाणा वाळलेल्या मिरचीच्या रंगाचा. बाकीच्यांचा मका कुठला, असं विचारलं तर उत्तर 'बाजारातला' असंच येतं. पिवळा, संकरित, कोंबड्यांच्या खाद्यात जातो तोच.

या मक्याची गोष्ट मला फार आवडते, आणि तीच अडचण आहे. चार्ल्स्टनला लागून जेम्स आयलंड म्हणून बेट आहे. तिथले हातभट्टीवाले हा मका लावायचे. दळून खायचेही, पण नाव झालं ते दारूसाठी. शेवटचा हातभट्टीवाला गेला तेव्हा दोनच कणसं शिल्लक होती, असं सांगतात. टेड च्युनिंग नावाच्या शेतकऱ्याने ते बियाणं वाढवलं. पुढे जुन्या वाणांची धान्यं दळणाऱ्या अॅन्सन मिल्सच्या ग्लेन रॉबर्ट्स यांनी ते हाय वायरच्या अॅन मार्शल आणि स्कॉट ब्लॅकवेल या नवरा-बायकोच्या कानावर घातलं. या दोघांनी २०१३ मध्ये भट्टी सुरू केली होती. २०१४ मध्ये अडीच एकरांवर जिमी रेड लावला. त्यातून निघालेल्या पहिल्या ५७० बाटल्या अकरा मिनिटांत संपल्या.

अशा वाणाला इंग्रजीत 'एअरलूम' म्हणतात. ऐकताना आजीच्या पाटल्या डोळ्यांसमोर येतात. आपला शब्द जास्त खरा आहे: गावठी. बियाणंही गावठी आणि दारूही गावठी. जेम्स आयलंडवर तर दोन्ही एकाच झोपडीत नांदत होती.

असो. ओतली. रंग जुन्या तांब्याच्या पळीसारखा. पाच मिनिटं तशीच ठेवली, कारण पन्नास टक्के अल्कोहोल लगेच नाकाशी नेलं तर नाक अर्धा तास कामातून जातं. मग वास घेतला. पहिला वास भाजलेल्या शेंगदाण्याचा, सालं पाखडायच्या आधीचा. मग काजूकतली. मग पिकून काळे ठिपके पडलेलं केळं. तोंडात घेतल्यावर आधी जाणवली ती जाडी. तूप कढवल्यावर तळाशी बेरी राहते ना, ती चाटल्यासारखं काहीतरी जिभेवर पसरलं. लवंग मागाहून आली. घशाखाली गेल्यावर गुळाची चव राहिली, पण ढेपेची नाही, काकवीची.

वहीत लिहिलं: दहापैकी नऊ.

लिहून झाल्यावर शंका आली. काजूकतली मला नाकाने सांगितली की चार्ल्स्टनला भट्टी दाखवणाऱ्या त्या गाइडने? कारण बदामाची मिठाई आणि केळं हे दोन्ही शब्द ती तिथे बोलली होती. मी फक्त बदामाचा काजू केला.

सोमवार

ऑफिसात दिवसभर डोक्यात तेच. बर्बनची बहुतेक चव लाकडाची असते, यात वाद नाही. कायदाच तसा आहे: ओकचं पिंप कोरं हवं आणि आतून जाळलेलं हवं. लाकूड जळलं की त्यातल्या लिग्निनमधून व्हॅनिलाचा वास सुटतो, हेमिसेल्युलोजमधून कॅरॅमल, आणि ओकचा म्हणून एक खोबऱ्यासारखा वास असतो तो वेगळाच. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर न्यायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नाही. म्हणजे धान्याचं काहीतरी मागे राहावं एवढी सोय कायद्याने केली आहे. पण एवढ्या जळक्या लाकडाशी चार वर्षं झुंजून मक्याच्या दाण्याचा आवाज ऐकू येतो का? लाल काय आणि पिवळा काय?

उलट बाजूने एकच गोष्ट ठोस वाटते: तेल. तिथे आंबवणाच्या टाक्या दाखवताना जिमी रेडवर तेलाचा जाड थर येतो असं सांगत होते. मक्याचं तेल अंकुरात असतं, आणि वाणावाणात ते कमीजास्त भरतं. ते तेल, त्यातली आम्लं आणि त्यांपासून होणारी एस्टरं (वास देणारी द्रव्यं) थोडीफार भट्टीतून पार होत असतील, तर ती जाडी खरी.

संध्याकाळी धाकट्याचा पुण्याहून फोन. त्याला गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "दादा, बर्बनवरची ड्युटी दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आणलीय, एक बाटली धाड की." ही फेब्रुवारी २०२५ ची बातमी तो अजून ताजी म्हणून सांगतो. त्याला म्हटलं, ही तिकडच्या दुकानात शोधत बसू नकोस, इथेच धड मिळत नाही.

मग आमच्या शेतावरचा विषय निघाला. लहानपणी जळगावकडे आमच्या बांधाला पांढरा मका असायचा, बुटका, दाणे वेडेवाकडे. आई तो निखाऱ्यावर भाजून द्यायची, आणि खाऊन झाल्यावर बुरखुंडे चुलीत. नंतर संकरित पिवळा आला, एकरी उतारा वाढला, आणि पांढरा कधी गेला ते दोघांनाही आठवेना. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे गावठी वाणांचं बियाणं जपतात, त्याबद्दल २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या बांधावरचं कुणी जपलं नाही. मका तर जपायलाही कटकटीचा: पराग वाऱ्यावर येतात, शेजाऱ्याच्या शेतात दुसरा वाण तुऱ्यावर असला की आपलं बियाणं बाटलंच. जिमी रेड बेटावर टिकला त्यात पाण्याचाही हात असणार, असं मला आपलं वाटतं.

बुधवार, रात्री

परीक्षा घेतली. तीन पेले, दोघांत एकच दारू, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला ते ओळखायचं. डोळे झाकून मारलं तरी तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून तीन फेऱ्या. जोडीला केंटकीची एक साधी बाटली घेतली, तीही 'बॉटल्ड इन बाँड'. हा मुद्दाम केलेला हिशेब: १८९७ च्या त्या कायद्यानुसार दोन्ही पन्नास टक्क्यांच्या, दोन्ही किमान चार वर्षं पिंपात, आणि प्रत्येक बाटली एकाच भट्टीची, एकाच हंगामाची. फरक राहतो तो मुख्यतः धान्याचा. मुख्यतः, कारण दक्षिण कॅरोलायनाचा दमट उन्हाळा आणि केंटकीचा उन्हाळा एक नाही, आणि माझा हा सगळा शास्त्रीय बाणा स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा आहे.

पेले भरायला हिला बसवलं. ही थेंबभर पीत नाही. पेल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मला हॉलमध्ये घालवलं. रंगावरून कळू नये म्हणून दिवाही मंद केला, ही तिचीच अक्कल.

पहिली फेरी चुकलो. सपशेल. नुसत्या वासावर गेलो आणि मोठ्या ऐटीत केंटकीच्या पेल्यात काजूकतली शोधून काढली. ही पडदा धरून हसत होती.

दुसऱ्या फेरीला वास बाजूला ठेवला. प्रत्येक घोट टाळूला लावून जिभेने चोळला, तेल हातावर चोळून बघतात तसा. एकात ती बेरी होती, दोनांत नव्हती. बरोबर. तिसऱ्या फेरीत उलट, दोनांत होती, एकात नव्हती. तेही बरोबर.

तिनात दोन. यावर शर्यत लावणार नाही, पण रात्रीची झोप लागेल. शनिवारचे नऊ खोडून साडेसात केले. काजूकतली काटली, केळ्यापुढे प्रश्नचिन्ह, जाडीखाली दोन रेघा. साध्या बाटलीला सात दिले आहेत, आणि ती जिमी रेडपेक्षा खूपच स्वस्त आहे, हेही तिथेच लिहून ठेवलं. वरचा अर्धा गुण मी गोष्टीला देत नाहीये, टाळूला देतोय. निदान तसा प्रयत्न आहे.

उरलेले पेले हिने सहज नाकाशी नेले. "यातल्या एकाला भाकरी उलटताना तव्याला येतो तसा वास आहे," म्हणाली. चिठ्ठी बघितली तर जिमी रेड. मी चार दिवस वही काळी केली आणि तव्याचं मला सुचलं नाही.

गुरुवार, सकाळी

रात्री दोन पेले मुद्दाम न धुता ओट्यावर ठेवले होते. अल्कोहोल उडून गेलं की तळाशी चिकटलेलं तेवढं बोलतं. केंटकीच्या पेल्याला सुताराच्या दुकानाचा वास, भुश्शाचा, थोडा व्हॅनिला. जिमी रेडच्या पेल्यातही लाकूड होतंच, पण त्याच्या खाली कोरडं, पिठूळ काहीतरी. गिरणीत मका टाकला की पहिल्या पायलीला येतो तसं. दोनदा पेला खाली ठेवून बाहेर जाऊन आलो, परत हुंगला. होतं.

हिला हाक मारली, तर ती डबा भरत होती. येईपर्यंत मला आठ वाजता मीटिंग, आणि संध्याकाळी घरी आलो तेव्हा दोन्ही पेले घासून पालथे घातलेले.