“मॅडम, हा तर हवामानवाला!”

मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे “तुमचा आवडता मानसशास्त्रज्ञ कोण?” हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याला फ्रॉइड नाहीतर युंग अपेक्षित असतो. मी लुईस फ्राय रिचर्डसन म्हणते. मग समोरचा मोबाइलवर शोधतो आणि म्हणतो, “मॅडम, हा तर हवामानवाला!”

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. हवामानवाला तो होताच. गणितानं हवामानाचा अंदाज बांधायची वाट त्यानं आखली. २० मे १९१० या दिवसाचं हवामान त्यानं हातानं आकडेमोड करून काढलं, तर सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं वाढेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दाब जेमतेम हलला होता! पण ही आकडेमोड केली कुठे, तर पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत असताना. गवताचा ढीग हेच आपलं ऑफिस होतं, असं तो लिहितो.

तो क्वेकर. ख्रिस्ती धर्मातला हा छोटा पंथ युद्धाच्या विरोधात. म्हणून त्यानं बंदूक धरली नाही, पण घरीही बसला नाही. १९२० मध्ये ब्रिटनचं हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं, तसा त्यानं राजीनामा दिला. पुढे आपल्या वरच्या हवेच्या अभ्यासात सगळ्यात जास्त रस विषारी वायूवाल्यांना आहे हे लक्षात आल्यावर न छापलेलं कामही नष्ट केलं. हे त्याच्या पत्नीनं सांगून ठेवलंय.

आणि १९२९ मध्ये, सत्तेचाळिशीत, या माणसानं मानसशास्त्राची बी.एस्सी. घेतली. लाल रंग किती लाल वाटतो, आवाज किती मोठा वाटतो, हे मोजता येतं का, यावर तो प्रयोग करत बसला. मला मात्र त्याचं पुढचं काम ओढतं. दोन देश एकमेकांच्या धाकानं शस्त्रं कशी वाढवत नेतात याची त्यानं समीकरणं मांडली, आणि वर बजावलं की माणसं थांबून विचार करणार नसतील तर काय करतील, एवढंच यातून कळतं. १९४० मध्ये याच कामासाठी नोकरी सोडली. 

मग आली त्याची खुनांची आणि युद्धांची यादी. खून आणि महायुद्ध दोन्ही एकाच तक्त्यात, कारण दोन्ही ‘प्राणघातक भांडणं’. भूकंपासारखी मोजपट्टी: एक मृत्यू म्हणजे शून्य, दहा म्हणजे एक, शंभर म्हणजे दोन. दोन्ही महायुद्धं सातवर. हा मला कोरडेपणा वाटत नाही. खुन्याला फाशी आणि सेनापतीला पुतळा देणाऱ्या जगाला त्यानं एकाच फूटपट्टीनं मोजलं.

सहाच्या पायरीवर मोजकी नावं आहेत. अमेरिकेतलं यादवी युद्ध, स्पेनमधलं यादवी युद्ध, आणि १९४६-४८ च्या हिंदुस्थानातल्या जातीय दंगली. सहा म्हणजे दहा लाख, पण अर्ध्या पायरीची चूक धरलेली. म्हणजे तीन लाखांपासून तीस लाखांपर्यंत काहीही. उल्हासनगरच्या एका वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक सिंधी मुलगी म्हणाली, “आणि जे जिवंत इकडे आले ते?”

“ते त्यानं मोजले नाहीत,” मी म्हटलं.