सोलापूरहून गोरखा: एका निवाऱ्याचे बांधकाम

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि पुढे अहमदनगर करत सोलापुरापर्यंत पोहोचले. त्यांनी काढलेल्या शाळांत आमच्या आज्या आणि पणज्या शिकल्या, त्यामुळे मिशन म्हटले की समुद्रापलीकडून आपल्याकडे येणारी माणसे, हेच चित्र सोलापूरच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आपणच सामान बांधून परदेशी जायचे, आणि तेही उपदेश करायला नव्हे तर दगडमाती वाहायला, ही कल्पना 2016 च्या सुरुवातीला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभेत मांडली गेली, तेव्हा म्हणूनच बरीच कुजबुज झाली. नेपाळच्या भूकंपाला वर्ष होत आले होते. गोरखा जिल्ह्यातील एका छोट्या मंडळीने, गावातील ज्या घरांत कर्ता पुरुष घरी नाही अशा तीन कुटुंबांसाठी पावसाळ्याआधी पक्का निवारा बांधायला मदत मागितली होती. जाण्यायेण्यावर जेवढा पैसा लागेल तेवढा सरळ तिकडे पाठवला तर छपराचे दुप्पट पत्रे येतील, असे खजिनदारांनी शांतपणे दाखवून दिले. मला त्यांचे म्हणणे तेव्हाही पटले होते.

तरीही आम्ही गेलो, त्याचे कारण आमच्या मंडळीतील एक वयस्क गवंडी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेलेले असताना किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा त्याचा धक्का सोलापुरातही जाणवला होता. हे काका त्या वेळी तरुण होते आणि पुढची काही वर्षे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील पुनर्वसनाच्या कामावर होते. पडलेली भिंत का पडली, हे त्यांनी शेकडो ठिकाणी वाकून पाहिले होते. सभेत ते एवढेच म्हणाले, "पैसे पाठवा, नाही कोण म्हणतो, पण भिंत कशी बांधली जाते ते बघायला मला पाठवा." काका जाणार म्हटल्यावर तरुण मुले, एक परिचारिका असलेल्या ताई, दोन निवृत्त शिक्षक आणि हिशेब ठेवायला मी, असा गट आपोआप तयार झाला. आमच्या प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा आणि मंडळीच्या दानातील प्रत्येक रुपया साहित्यावर व तिथल्या गवंड्यांच्या मजुरीवर जायचा, या अटीवर खजिनदारांनी संमती दिली.

मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या वर तापलेले असताना आम्ही निघालो. पुण्याहून गोरखपूरच्या गाडीत दीड दिवस काढला. बरोबर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असल्यामुळे जेवणाची चिंता नव्हती. गोरखपूरहून बसने सोनौलीला पोहोचून आम्ही सामान हातात घेऊन चालत सीमा ओलांडली. भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखीचा पुरावा पुरतो. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते आणि आपल्या शंभर रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात. पुढे बुटवल, नारायणगढ आणि मुग्लिंग असा रस्ता. नारायणगढ ते मुग्लिंग या टप्प्यात रुंदीकरणाचे काम चालू होते, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला खणलेला डोंगर, त्यामुळे बसमधील मंडळींनी एरवी गाडीत कधी म्हणत नाहीत अशी स्तोत्रेही म्हणून टाकली.

25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र गोरखा जिल्ह्यातील बारपाक भागात होते. देशभरात सुमारे नऊ हजार माणसे गेली. तो शनिवार होता आणि वेळ दुपारी बाराच्या आधीची. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्यामुळे शाळा बंद होत्या आणि डोंगरातील बरीच माणसे शेतात होती, म्हणून पुष्कळ जीव वाचले; किल्लारीत नेमके उलटे घडले होते. पण त्याच सुट्टीमुळे नेपाळमधील ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाही शनिवारी सकाळीच असते, आणि त्या दिवशी अनेक मंडळ्या छपराखाली बसलेल्या होत्या. ही गोष्ट तिथल्या पाळकांनी आम्हाला सांगितली ती पहिल्याच संध्याकाळी, आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

गाव गोरखा बाजारापासून वर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमध्ये पसरलेले होते. लोक अजून वाकवलेल्या पत्र्यांच्या झोपड्यांत राहत होते. गावात तरुण पुरुष जवळजवळ दिसत नव्हते. कोणी कतारला, कोणी मलेशियात. त्यांनी पाठवलेल्या पैशावर घरे चालत होती, पण दगड उचलायला माणूस मिळत नव्हता. पैसा पाठवला की काम होते, हे गणित मजूर असलेल्या गावापुरते खरे असते, हे मला तिथे गेल्यावर कळले. आम्ही वाहून नेलेला दगड नाही तर कोणातरी आमाने, म्हणजे आईने, पाठीवरच्या डोकोतून नेला असता. डोको ही बांबूची उभट टोपली. तिचा पट्टा कपाळावर घेऊन बायका चढावर ज्या सहजतेने चढतात ते पाहून आमच्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी घमेली बाजूला ठेवली. अरुंद बांधावर डोक्यावर घमेले घेऊन तोल सांभाळणे हे सपाट मुलुखातल्या माणसाचे काम नव्हेच.

गावकऱ्यांनी पाया आणि जोते आधीच तयार ठेवले होते. निवाऱ्याच्या तीन खोल्या एका ओळीत होत्या आणि मध्ये दोन आडव्या भिंती, जेणेकरून लांब भिंत कुठेही आधाराशिवाय राहू नये. काका पोहोचल्यावर आधी नव्या कामाकडे गेलेच नाहीत. ते शेजारच्या पडक्या घरापाशी उकिडवे बसले आणि उरलेल्या भिंतीचा छेद बघत राहिले. किल्लारीच्या भागात दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती असत, बाहेर एक थर, आत एक थर आणि मध्ये चिपा नि मातीची भरणी. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भरणी खाली बसते आणि भिंत फुगून कोसळते. त्यावर धाब्याच्या मातीचे ओझे. इथे छप्पर हलके होते, पण भिंतीची रचना हुबेहूब तीच. काकांनी दोन थरांमध्ये पंजा घातला तो मनगटापर्यंत आत गेला.

तिथल्या गवंड्यांना, ज्यांना नेपाळीत डकर्मी म्हणतात, आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो रास्त होता. त्यांच्याइतका सुबक दगड घडवणारा माणूस आमच्यात कोणी नव्हता. त्यामुळे काकांनी सल्ला देण्याऐवजी त्यांच्याच शेजारी बसून थापी हातात घेतली. काकांचे हिंदी सोलापुरी आणि डकर्मींचे दुबईतून शिकून आलेले, पण ओळंबा, गुण्या आणि दोरी समोर असल्यावर बोलण्याची फारशी गरज पडली नाही. वाद झाला तो आरपार दगडावरून. भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा लांब दगड दर दोन फुटांवर बसवला की दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. असा दगड मिळवायला वेळ लागतो आणि तो घडवताना बऱ्याचदा मधूनच फुटतो, म्हणून डकर्मींना तो नकोसा वाटत होता. काकांनी मुलांना सांगून लांब दगड आधी वेगळे निवडून घेतले आणि बसवलेल्या प्रत्येक दगडाच्या तोंडावर चुन्याचा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठिपक्यांची ओळ उभी राहिली, आणि जिथे ठिपका नव्हता ती जागा मग गावातली पोरेच ओरडून दाखवू लागली.

जोत्याला, खिडकीच्या खाली आणि दारा-खिडक्यांच्या वर, अशा तीन उंचींवर काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या सगळ्या भिंतींतून सलग फिरवायच्या होत्या. कोपऱ्यावर सळई तोडायची नाही, ती वळवून शेजारच्या भिंतीत लांबपर्यंत न्यायची आणि रिंगेची टोके आत वाकवायची, हे काम काकांनी कोणावरही सोपवले नाही. आमच्यातील एका निवृत्त गुरुजींनी पाण्याच्या नळीने लेव्हल काढण्याचे काम पत्करले. आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या माणसाला एवढा आनंदी मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी एकत्र प्रार्थना होई, पण ती आमची आणि तिथल्या मंडळीची. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतील कलम 26 नुसार दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. आमच्या पाळकसाहेबांनी निघतानाच बजावले होते की बरोबर एकही पत्रक असता कामा नये. ज्यांच्यासाठी निवारा होता त्या तीन कुटुंबांपैकी दोन हिंदू होती आणि त्यांची निवड गावाने केली होती, मंडळीने नव्हे. मला ही व्यवस्था कायद्यापलीकडेही योग्य वाटली. घर नसलेल्या माणसापुढे एका हातात वीट आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन उभे राहणे मला अशोभनीय वाटते, आणि आमच्यातील काही जणांशी त्यावरून माझे खटके उडाले, ते अजूनही उडतात. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक घराला एकेक सोलापुरी चादर दिली. एका आमाने ती उलटसुलट करून वीण तपासली आणि थंडीला हिच्यावर दुसरी लागेल, असे स्पष्ट सांगितले. ते खरेच होते.

आम्ही परतलो तेव्हा भिंती वरच्या पट्टीपर्यंत आल्या होत्या. काँक्रीटवर पाणी मारण्याचे आणि छपराचे काम डकर्मींवर सोपवले होते. जूनमध्ये पाळकांनी छपराचे फोटो मोबाईलवर पाठवले. काकांनी ते बोटांनी मोठे करून पाहिले आणि पत्र्याचे हूक काही ठिकाणी नळीच्या खोलगट भागात मारले आहेत, ते उंचवट्यावर हवेत, नाहीतर पाणी आत शिरेल, असे मला लगेच टाईप करायला लावले. आठवड्याभरात हूक बदलले गेले आणि जुनी भोके डांबराने बुजवली. त्याचे बिल दोन हजार नेपाळी रुपये आले, ते मी वहीत चढवले.