पोफळी मोजायच्या की गुंठे?

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यात कृषी सहायक होतो. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, रस्त्यांवर झाडं आडवी, त्यात करोनाची टाळेबंदी. पंचनामे मात्र ताबडतोब हवे होते. तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे तिघं गावात फिरायचो. त्यातल्या एका नारळ-सुपारीच्या वाडीतला दिवस सांगतो, कारण केंद्राचं काय आणि राज्याचं काय, हा मी पुस्तकात वाचलेला विषय मला तिथे खऱ्या अर्थाने कळला.

वाडी सहा गुंठ्यांची. कोकणात आगर, म्हणजे अशी वाडी, ही नुसती बाग नसते. वर नारळाचे माड, त्याखाली पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढलेली मिरी, सावलीला जायफळ, अशी एकाच जमिनीत तीन-चार मजली शेती. वादळात माड मुळासकट उपटले होते आणि पोफळी मधोमध मोडल्या होत्या. मोडक्या बुंध्यांच्या चिरफाळ्या वर तोंड करून उभ्या होत्या. खाली झावळ्यांचा इतका खच, की पाय कुठे ठेवायचा ते काठीने चाचपावं लागत होतं. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, दोन वारलेली. कसणाऱ्या काकी एकट्याच.

मी फॉर्म काढला आणि क्षेत्र विचारलं. काकी म्हणाल्या, "साहेब, क्षेत्र कशाला विचारता? वाडी काय गुंठ्यांवर पिकते? माझी झाडं मोजा ना."

झाडं मोजायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. बाधित क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि नुकसानीची टक्केवारी, एवढंच. तेव्हाच्या केंद्राच्या निकषाप्रमाणे बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळायचे. हेक्टरात साधारण शंभर गुंठे, म्हणजे सहा गुंठ्यांचे होतात हजार-अकराशे. किमान मदत २,००० ची म्हणून तेवढे तरी पदरात पडले असते. शिफारशीच्या अंतराने पोफळी लावल्या तर हेक्टरी तेराशेच्या वर बसतात. म्हणजे निकषाने एका पोफळीमागे चौदा रुपयेसुद्धा येत नाहीत. नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाचंही तेच. भाताचं पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभं राहतं, वाडी राहत नाही. हेक्टरचं माप मोकळ्या शेतासाठी ठीक आहे. किनाऱ्यावरच्या गुंठ्यांच्या वाड्यांना ते लावणं अन्यायाचं आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

काकींनी पुढे विचारलं, "हे ठरवतं कोण? मुंबई की दिल्ली?"

उत्तर एका वाक्यात देता येईना. राज्यघटनेत शेती, जमीन, पाणी हे विषय राज्याकडे. जंगल आणि वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. पर्यावरण हा वेगळा विषय म्हणून कुठल्याच सूचीत नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने केला तो आंतरराष्ट्रीय निर्णय अमलात आणण्याच्या अधिकारातून, कलम २५३ खाली. हवामान बदलाची बोलणी दिल्ली करते. २००८ चा राष्ट्रीय कृती आराखडा दिल्लीचा, २०७० पर्यंत नक्त शून्य (नेट झीरो) कार्बन उत्सर्जनाचा शब्दही पुढे दिल्लीनेच दिला. तिथे एकाच आवाजात बोलायला हवं, हे मला पटतं. पण तापलेल्या अरबी समुद्रातून वादळ उठतं, तेव्हा ते एखाद्या गावच्या वाडीत शिरतं आणि निस्तरायचं राज्याला, त्यातही तलाठ्याला असतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के, महाराष्ट्रासारख्या राज्याचे २५. पैसा कशावर आणि कोणत्या दराने खर्च करायचा याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालयाचे. त्याहून जास्त द्यायचं तर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यावं.

एवढं सगळं काकींना सांगितलं नाही. "दर दिल्लीचा, वाढवून द्यायचं तर मुंबईने," एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग दोघांनाही कळवा, माझे सात माड आणि चौऱ्याण्णव पोफळी गेल्या."

तलाठी अनुभवी माणूस. ते म्हणाले, शेऱ्यात लिहा. आम्ही तिघांनी पुन्हा पहिल्या बांधापासून सुरुवात केली. काकी पुढे, मोडक्या बुंध्याला खडूची खूण करत. आकडा त्यांनी सांगितला तोच निघाला. त्यानंतरच्या प्रत्येक वाडीत आम्ही झाडं मोजली. वेळ दुप्पट लागला आणि वरून "अहवाल कुठे अडला?" असे निरोपही आले.

राज्याने फळबागांची मदत हेक्टरी ५०,००० केली. तरी काकींच्या वाट्याला तीनच हजार येत होते. गाऱ्हाणी वाढली आणि मग झाडागणिक मदतीचा निर्णय झाला: माडाला २५०, पोफळीला ५०. काकींच्या वाडीचे ६,४५० रुपये झाले. गेलेल्या वाडीची ती भरपाई नव्हे, पण आधीच्या दोन हजारांच्या तिप्पट.

तोवर लोकांनी वाड्या साफ केल्या होत्या, बुंधे तोडून सरपणाला लावले होते. ज्या गावांत फक्त क्षेत्र लिहिलं होतं तिथे झाडांचा आकडा कुठून आणायचा, यावरून वाद झाले. आमच्याकडे शेरा होता.

२०२२ पासून केंद्राचा दर हेक्टरी २२,५०० झाला. माप हेक्टरचंच राहिलं. मला वाटतं, किमान पायाभूत दर दिल्लीने ठरवावा, पण माप कोणतं लावायचं हे राज्याला ठरवू द्यावं आणि त्या मापाने झालेल्या खर्चातही केंद्राने आपला वाटा उचलावा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा पंचनाम्याला निघताना मी फॉर्मच्या समासात स्वतःच दोन रकाने आखून घेतले, एक माडांचा, एक पोफळींचा.