ओलावा कमी म्हणून पाणी सोडा, एवढ्यावर बाग चालत नाही

आमच्या जळगावच्या रावेर-यावल केळी पट्ट्यात आता ड्रिपला ऑटोमेशन बसवणारे वाढलेत, ओलाव्याचा सेन्सर, व्हॉल्व्ह, मोबाईलवर ॲप, सगळं मिळतं. पण सेन्सर नुसता आकडा देतो हो. त्या आकड्याचा आत्ता, या बागेत अर्थ काय, ते प्रोग्राममधल्या "असं असेल तर तसं कर" अशा नियमांनी ठरवायचं असतं आणि खरं काम तिथंच आहे.

या अर्थालाच संगणकवाले संदर्भ (कॉन्टेक्स्ट) म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ अनिंद डे यांनी २००१ मध्ये त्याची व्याख्या केली, माणूस, जागा किंवा वस्तू कोणत्या परिस्थितीत आहे हे सांगणारी कुठलीही माहिती म्हणजे संदर्भ. केळीवाल्याला हे लगेच पटेल. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशाखाली गेला की आपण रात्री बागेला पाणी देतो, विहिरीचं पाणी त्या मानाने कोमट असतं, बांधाला धूरपण करतो. आता बघा, जमीन ओली आहे म्हणून एक नियम म्हणतो पाणी नको, दुसरा म्हणतो थंडी आहे पाणी सोडा. दोन्ही बरोबर! मग कोणाचं ऐकायचं? तर प्रत्येक नियमाला प्राधान्य द्यावं लागतं, थंडीचा नियम वर आणि रोजचा खाली, आणि थ्री फेज लाईट आहे का हा प्रश्न दोघांच्याही आधी.

मोटर चालू करायचा आणि बंद करायचा ओलाव्याचा आकडा वेगळा ठेवा, नाहीतर रिडिंग काठावर नाचतं आणि मोटर सारखी चालू-बंद होते.

अजून एक, रिडिंग न येणं म्हणजे शून्य नव्हे. उंदराने वायर कुरतडली आणि प्रोग्रामने ओलावा शून्य धरला तर रात्रभर पाणी चालू राहील. "माहीत नाही" ही वेगळी अवस्था धरा, आणि जुनं रिडिंगही त्यातच टाका.

नियम खूप झाले तर सिस्टीम हळू होईल असं काहींना वाटतं. त्याची सोय सत्तरच्या दशकातच झाली, संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स फोर्गीच्या रीट अल्गोरिदमने, म्हणजे नियम तपासायच्या पद्धतीने, नवीन रिडिंग आलं की फक्त त्याच्याशी संबंधित अटीच परत तपासल्या जातात.

आजकाल सगळे एआय लावा म्हणतात, लावा की, पाऊस येणार का हा अंदाज त्याला करू द्या. पण मोटर चालू करायचा निर्णय मला नियमांकडेच हवा, कारण सकाळी आबांनी विचारलं "रात्री पाणी का सुटलं रे?" तर ॲपमध्ये मराठीत लिहिलेलं दिसलं पाहिजे: तापमान ९ अंश, लाईट होती, थंडीचा नियम लागला. आणि तो नियम चुकीचा वाटला तर आबांना स्वतः बदलता आला पाहिजे.